मोहिनी साटोणे आणि बेनिनचं सूत

अल्लीपूरच्या फाट्यावर सकाळी गिरणीची बस थांबली की खिडकीशेजारची जागा तानाबाईची आणि तिच्या बाजूची मोहिनी साटोणेची, हे ठरून गेलेलं होतं. दुसरं कोणी तिथं बसतच नसे. हिंगणघाटच्या वाटेवरच्या सूतगिरणीत मोहिनीला तानाबाईनंच लावून दिलं होतं, काम तिनंच शिकवलं होतं, आणि बसमध्ये बसल्या बसल्या रोज चार गोष्टी ऐकवण्याचा हक्कही तिचाच होता.

काम साच्यावरचं. साचा म्हणजे लांबच लांब यंत्र. त्यावर ओळीनं शेकडो चात्या, म्हणजे उभ्या दांड्या, गरागरा फिरत असतात, वरून कापसाचा पेळू सुटतो, ताणला जातो, पीळ खातो आणि सूत होऊन बाबिनीवर गुंडाळला जातो. कुठं सूत तुटलं की बाईनं लगबगीनं तिथं पोचायचं, तेवढी एक चाती थांबवायची, तुटलेलं टोक शोधायचं, वर नेऊन पेळूला भिडवायचं आणि सोडून द्यायचं. पापणी लवायच्या आत सूत परत धावायला लागतं. दिवसभर हेच.

मोहिनी या कामात फार वरचढ होती अशातला भाग नाही. तिच्याहून चपळ बायका गिरणीत होत्या. पण नवी पोरगी कामावर आली की मुकादम तिला मोहिनीच्या साच्यावर पाठवी, कारण मोहिनी चिडत नसे. पोरीनं चार वेळा चुकवलं तर ती पाचव्यांदा दाखवी, आणि वर डब्यातला ठेचा वाटून खाई.

गिरणीतून निघालेलं सूत पुढं कुठं जातं याचा तिनं कधी विचार केला नव्हता. खोके भरायचे, ताडपत्री घातलेले ट्रक जायचे, आणि ती बसमध्ये बसून घरी यायची.

एक दिवस अभिराम साहेबांनी तिला बोलावून घेतलं. अभिराम सिंदी रेल्वे गावचा, इंजिनिअर होऊन गिरणीत लागलेला, बोलायला मऊ. त्यानं तिला खुर्ची दिली, ती कडेलाच टेकली.

“मोहिनीताई, बेनिनला जाल का?”

“कोठी?”

“आफ्रिकेत आहे. समुद्राच्या काठचा छोटा देश. तिथं कापूस भरपूर पिकतो, आपल्यासारखाच.”

“मंग?”

“पण सूत निघत नाही. म्हणजे आजवर फारसं निघत नव्हतं. सरकी काढून गाठी बांधायच्या आणि जहाजावर चढवायच्या. सूत, कापड, कपडे, सगळं परदेशात. आता तिथं नवी गिरणी उभी राहतेय. आपल्या मालकांकडं त्यांनी शिकवायला माणसं मागितली आहेत. साच्यावर सगळ्या मुली असणार, तर बाईच बरी, असं आमचं ठरलं. एक वर्ष. मीही येणार आहे.”

मोहिनी हसायला लागली. “साहेब, मले तं हिंदीबी धड येत नाई.”

“नव्या पोरींना तुम्ही शिकवता तेव्हा बोलता कुठं फार?”

हे मात्र खरं होतं. साच्यांच्या आवाजात बोलणं ऐकूच येत नसे. सगळं हातांनीच चालायचं.

घरी जेवताना तिनं सांगितलं तेव्हा नवऱ्याचा, सचिनचा घास हातातच राहिला. सचिन गावात मोटारपंप दुरुस्त करायचा. त्याचं जग वर्ध्याच्या पलीकडं फारसं गेलेलं नव्हतं. “वर्सभर? तिथं खाशीन काय तू? कोनासंग बोलशीन?”

अंजू, त्यांची मुलगी, वर्ध्याला नर्सिंग शिकत होती आणि सुटीला आली होती. तिनं मोबाईलवर नकाशा काढून आजोबांपुढं धरला. रूपरावजींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, आफ्रिकेच्या पोटाखालची ती निरुंद पट्टी बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, “एवढूसं हाय हे. अन् कापूस पिकते इथी?”

“हाव, आजोबा. गंज पिकते.”

रूपरावजींची सारी हयात कपाशीत गेलेली. ते सुनेकडं वळले. “जा तू. मी आपला कापूस हिंगणघाटच्या बाजारापरेंत पोचवला, त्याच्या पुढं त्याचं काय होते हे काई मी पाह्यलं नाई. तू पाहून येजो.”

बापानंच होकार दिल्यावर सचिननं पासपोर्टचा अर्ज भरून आणला. पासपोर्ट आला त्या दिवशी त्यानंच तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवाजवळ ठेवला. तानाबाईनं बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, “हे माह्या हातची हाय बरं. मी शिकवली हिले.”

नागपूरहून मुंबई, मुंबईहून अदिस अबाबा आणि तिथून कोतोनू. अदिस अबाबाच्या विमानतळावर मोहिनी एका खांबाला टेकून उभी राहिली आणि नुसती माणसं पाहत राहिली. उंच, बुटकी, डोक्याला रंगीत फडकी बांधलेली, पांढरे पायघोळ झगे घातलेली, पाठीला लेकरं बांधलेली. पुढच्या विमानात खिडकीतून खाली तपकिरी जमीन दिसत होती. ती पाहता पाहता झोप लागली, जाग आली, तरी खाली तीच जमीन. जग एवढं मोठं असेल असं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. शेजारी अभिराम साहेब झोपले होते, नाहीतर तिनं त्यांना हलवून दाखवलं असतं.

कोतोनूची हवा दमट, माती लालभडक, रस्त्यावर मोटारसायकलींचा नुसता पूर. गिरणी शहराबाहेर होती. मोहिनी शेडमध्ये शिरली आणि दारातच उभी राहिली. हिंगणघाटची अख्खी गिरणी कोपऱ्यात मावेल एवढी ती शेड होती, आणि जमीन अशी चकचकीत की आपली चप्पल टेकवायला संकोच वाटावा. यंत्रं अजून खोक्यांतून निघत होती. अभिराम तिला एकेक दाखवत गेला. हे साचे कोईमतूरचे. कापूस पिंजायची ही यंत्रं जर्मनीची. हवेत ओल सोडणारं ते यंत्र चीनचं. आणि पलीकडं कापड विणायचं आणि त्याच्यापलीकडं कपडे शिवायचं खातं.

“अन् कापूस?” तिनं विचारलं.

“कापूस तेवढा इथला,” अभिराम म्हणाला.

मोहिनीनं कोईमतूरच्या साच्याच्या लोखंडावरून हात फिरवला. घरचं माणूस भेटल्यासारखं तिला वाटलं. तो साचा बोटीत बसून आला होता, ती विमानात बसून, आणि दोघं इथं लाल मातीच्या देशात एकमेकांसमोर उभे होते.

कामाला आलेल्या पोरी वीस-बावीस वर्षांच्या. निळे डगले घालून ओळीत उभ्या राहिल्या. त्यांचं बोलणं फोन नावाच्या तिथल्या भाषेत, शाळेतलं शिक्षण फ्रेंचमध्ये. मधे दुभाषा होता कोजो. तो पुण्याला शिकून आलेला होता आणि दर वाक्यात “अरे यार” घालून हिंदी बोलायचा. पोरींनी मोहिनीकडं पाहून एकदम म्हटलं, “क्वाबो!”

“या, असं बोल रहे हैं,” कोजो म्हणाला. “वेलकम, यार.”

“हाव, आली नं बापा,” मोहिनी म्हणाली. पोरी हसल्या. काय कळलं कोण जाणे, पण हसल्या.

कोजो काही प्रत्येक साच्यावर उभा राहू शकत नव्हता. मग मोहिनी आपलीच भाषा बोलायला लागली. धर. थांब. वर ने. आता सोड नं माय. महिना व्हायच्या आत पोरी आपसांत “धर, धर” आणि “सोडनमाय” म्हणू लागल्या. “सोडनमाय” हा एकच शब्द आहे अशी त्यांची पक्की समजूत झाली.

त्यांच्यात सेनामी नावाची एक मुलगी होती. आधी ती बाजारात टोमॅटो विकायची. तिला लहान लेक होती, ती गावाकडं आजीपाशी ठेवलेली. सेनामी दणकट, बाजारात हाळी देऊन आवाज मोकळा झालेला, पण साचा सुरू झाला की ती दगडासारखी उभी राही. फिरत्या चातीजवळ हात न्यायचीच नाही. बाकीच्या पोरी पुढं गेल्या, ही मागं राहिली. एक दिवस ती डगला काढून दाराकडं निघाली तेव्हा मोहिनीनं तिचं मनगट धरलं, तिला परत साच्याजवळ आणलं, तिच्या मागं उभी राहिली आणि आपल्या दोन्ही हातांत तिचे दोन्ही हात घेतले. तानाबाईनं तिला असंच शिकवलं होतं. चार हातांनी मिळून चाती थांबवली. टोक शोधलं. वर नेलं.

“आता सोड नं माय.”

सेनामीनं सोडलं. सूत लागलं. ती एवढ्या जोरात ओरडली की साच्यांच्या आवाजावरूनही पोरींनी वळून पाहिलं. मग तिनं स्वतःच दुसरं तुटलेलं सूत शोधलं, मग तिसरं. मोहिनी मागं सरकून पाहत राहिली. साध्या धाग्याची ती गोष्ट. पण त्या पोरीच्या चेहऱ्यावर जे उमटलं होतं ते पाहून मोहिनीच्या अंगावर काटा आला. आपण एवढी वर्षं हे काम करतो, या कामात असं काही आहे हे तिला कधी दिसलंच नव्हतं.

गिरणी सुरू झाली. सूत निघालं, पलीकडच्या खात्यात त्याचं कापड झालं, रंगलं, आणि युरोपातल्या एका बड्या दुकानवाल्याकडं पहिला माल गेला. तो परत आला.

अभिरामनं कापडाचा तागा मोठ्या टेबलावर पसरला आणि साच्यावरच्या पोरींना बोलावलं. कापड फिकट पिवळं, मऊ, सुरेख. पण वाकून पाहिलं की त्यात जागोजागी निळे ठिपके. केसासारखे बारीक निळे तंतू कापडात विणले गेले होते.

“हा प्लॅस्टिकचा तंतू आहे,” अभिराम म्हणाला. त्यानं सुईनं एक तंतू उचकून तळहातावर घेतला. “यंत्रातून येत नाही, कापसातूनच येतो. शेतकरी वेचलेला कापूस खताच्या रिकाम्या पोत्यांत भरतात, त्या पोत्याचे धागे सुटतात. आपल्या विदर्भातही हीच बोंब आहे. त्यावर रंग चढत नाही, म्हणून ठिपका दिसतो. ठिपका असलेला माल कोणी घेत नाही.”

मोहिनीनं तो तंतू बोटावर घेऊन पाहिला. अल्लीपूरच्या घरात पडवीतल्या कोपऱ्यात रूपरावजींची निळ्या पट्ट्यांची पोती रचलेली असत, दर हंगामाला. ती रोज त्यांच्यासमोरून कामाला जायची.

“तुमच्यापैकी कापूस पिकवणाऱ्या गावची कोण?” अभिरामनं कोजोमार्फत विचारलं. सेनामीनं हात वर केला. तिचं गाव जिद्जाच्या बाजूला. बाप कपाशीच करतो, म्हणाली.

आठवड्याच्या शेवटी अभिराम, मोहिनी, सेनामी आणि कोजो गिरणीच्या गाडीनं निघाले. सोबत त्या कापडाचा एक तुकडा. डिसेंबर होता. वाळवंटाकडून कोरडं, धुळीचं वारं सुटलं होतं आणि सूर्य दुधात बुडवल्यासारखा दिसत होता. लाल रस्त्यावर गाडी वळली आणि दोन्ही अंगांना कपाशी लागली.

“साहेब, थांबवा,” मोहिनी म्हणाली.

ती उतरून बांधाशी गेली. तीच पानं. तीच बोंडं, चार पाकळ्यांत उकललेली. ओळींतून बायका वेचत होत्या, कापूस डोक्यावरच्या टोपल्यांत भरत होत्या. पाठीला फडक्यानं बांधलेलं एक लेकरू आईच्या खांद्यावरून मोहिनीकडं टकमका पाहत होतं. माती लाल, आणि आभाळ ओळखीचं नाही. बाकी सगळं गावाकडं समुद्रपूरच्या रस्त्यानं जाताना दिसतं तसंच. मोहिनीनं एक बोंड तोडलं, कापूस चिमटीत धरून ओढून पाहिला आणि तिला रडायलाच आलं. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. घरापासून इतकं दूर येऊनही आपण घराच्या बाहेर पडलोच नाही असं काहीतरी तिला वाटलं.

सेनामीचा बाप वाळकुडा, पांढऱ्या खुंटांची दाढी असलेला माणूस होता. सगळे त्याला मानानं दा दोसू म्हणत. त्याच्या अंगणात वेचलेल्या कापसाचा ढीग होता, आणि भिंतीशी पोती. निळ्या पट्ट्यांचीच. सेनामीनं कापडाचा तुकडा बापाच्या मांडीवर ठेवला आणि बोलायला लागली. ती काय बोलली ते मोहिनीला शब्दानं कळलं नाही, पण हातांवरून कळलं. पोतं. कापूस. गाडी. साचा. आणि मग बोटानं दाखवलेला एक निळा ठिपका.

दा दोसूनं तुकडा उन्हात धरला. उठून भिंतीपाशी गेला, पोत्याचा सुटलेला धागा नखानं उपटला आणि ठिपक्याशेजारी ठेवला. मग दोन्हींवरून अंगठा फिरवला.

शेवटी त्यानं विचारलं, आणि कोजोनं हळू आवाजात हिंदीत सांगितलं. “पूछ रहे हैं, ये कपड़ा कहाँ जाने वाला था?”

“युरोपात,” अभिराम म्हणाला. “लहान मुलांचे कपडे होणार होते.”

“म्हणजे माझ्या पोत्याचा धागा तिथल्या लेकराच्या अंगावर गेला असता,” दा दोसू कोजोमार्फत म्हणाला. “माझा बाप कापूस करायचा, मी करतो. गाडी येते, नेते. आजवर आमचा कापूस फक्त गेला. तो कुठं पोचला आणि त्याच्याबरोबर आमच्या घरातलं काय काय गेलं, हे आज पहिल्यांदा कोणी येऊन सांगितलं.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याच्या डोळ्यांत नवल होतं, जसं मोहिनीच्या डोळ्यांत विमानाच्या खिडकीशी होतं.

मोहिनीला राहवलं नाही. तिनं फोन काढला आणि घरी लावला. इथं भरदुपार होती, तिकडं उन्हं कलली होती. रूपरावजी शेतातच सापडले. पडद्यावर आधी त्यांचं कपाळ दिसलं, मग आभाळ, मग पूर्ण चेहरा.

“मामाजी, हे पाहा. इथली कपाशी.”

“आं? माती लाल काऊन हाय?” रूपरावजी ओरडले. त्यांना फोनवर ओरडूनच बोलायची सवय. त्यांनी वाकून आपली काळी माती मुठीत घेतली आणि फोनसमोर धरली. दा दोसूनं लगेच खाली बसून लाल मातीची मूठ भरली. दोन म्हातारे एकमेकांना माती दाखवत राहिले.

“त्याले विचार, बोंडअळी येते का म्हना?”

मोहिनीनं कोजोला सांगितलं, कोजोनं दा दोसूला. दा दोसू उठून झाडाशी गेला, एक हिरवं बोंड शोधून काढलं, नखानं फोडलं आणि आतली लठ्ठ अळी फोनला चिकटेल इतकी जवळ नेली.

“अरे बाप रे!” रूपरावजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. “हे तिथंबी पोचली का? आमचंबी खाऊन राह्यली, भाऊ!” दा दोसूला एक अक्षर कळलं नाही आणि तोही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला.

मग मोहिनीनं पोत्याची गोष्ट सांगितली. रूपरावजी थांबले. “आपून तं तेच करतो, पोरी.”

“हाव, मामाजी. मीच कधी बोलली नाई.”

“मले काय मालूम होतं एक धागा एवढ्या दूर जाते!” ते म्हणाले, आणि फोन तसाच हातात धरून कुठंतरी दूर पाहत राहिले. पडद्यावर नुसतं अल्लीपूरचं आभाळ दिसत होतं.

जेवायला मक्याच्या पिठाचा घाटा आणि टोमॅटोचा झणझणीत रस्सा होता. ठेच्यावर वाढलेल्या मोहिनीलाही घाम फुटला. सेनामीची लेक आईच्या मांडीवरून हलायला तयार नव्हती. दाराशी सेनामीची आजी पाय पसरून बसली होती, आणि तिच्या बोटांत काहीतरी गिरकी घेत होतं. मोहिनी जवळ गेली. टकळी होती! बारीक काडी, खाली मातीचा भाजलेला मणी, काडीचं टोक वाटीत टेकवलेलं. म्हातारी डाव्या हातानं कापूस सोडत होती, उजव्या हातानं गिरकी देत होती, आणि सूत निघत होतं. इथल्या बायका पूर्वी सगळ्याच असं सूत काढायच्या, कोजो म्हणाला. आता म्हाताऱ्याच उरल्यात.

चौथीत शाळेत मोहिनीच्या हाती टकळी होती. ती आजीसमोर मांडी घालून बसली आणि हात पुढं केला. आजीनं टकळी दिली. मोहिनीनं गिरकी दिली, पेळू ओढला, सूत तुटलं. परत दिली, परत तुटलं. तिसऱ्या वेळी निघालं ते कुठं सुतळीसारखं जाड, कुठं कोळिष्टकासारखं. सेनामी मागून डोकावली आणि तिनं आवाज चढवून म्हटलं, “सोडनमाय!” अंगण हसलं. आजीनं मोहिनीचे दोन्ही हात आपल्या सुरकुतलेल्या हातांत घेतले, आणि ते चालवू लागली. धर. सोड. धर. सोड. मोहिनीला वाटलं, हे हात तानाबाईचेच आहेत. कापूस जिथं जिथं पिकला असेल तिथं कुणीतरी बाई कुणाच्यातरी मागं उभी राहून असेच हात धरत आली असेल. तिच्याच्यानं मान वर करवेना.

त्या हंगामात दा दोसूच्या गावच्या बायकांनी जुनी सुती कापडं जोडून मोठमोठ्या चादरी शिवल्या आणि कापूस त्यांत बांधला. गिरणीनं शेजारच्या गावांतही सुती पोती वाटली. सगळ्यांनी ऐकलं नाही. निळे धागे पुढंही निघत राहिले, पण कमी. पुढचा माल गेला तो परत आला नाही.

आणि त्याच सुमारास तानाबाईचा फोन आला.

“मोहिनी, आपले जाड्या सुताचे साचे बंद होऊन राह्यले वो.”

“काऊन?”

“परवडत नाई म्हनते. जाडं सूत दुसरीकडून सस्त्यात येते म्हनते. आता बारीक सुताचे नवे साचे आनून राह्यले.” मग जरा थांबून, “तुह्या पोरी जाडंच काढते नं तिथं?”

मोहिनी “हाव” एवढंच म्हणाली. ती फोन ठेवून साच्याशी आली. तिला पोरी दिसत होत्या, त्यांचे हात दिसत होते, पण शिकवायला हात उचलेना. आपण इथं काय करून राहिलो, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. सेनामीनं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि त्या दिवशी तिच्या बाजूचाही साचा आपणच पाहिला. दोन साच्यांमधून ती नुसती धावत होती.

संध्याकाळी मोहिनीनं अभिरामला विचारलं, “साहेब, आपून त्यायचं भलं करून राह्यलो का आपलं वाटोळं?”

“हिंगणघाटच्या बाजारातून एकेकाळी कापूस आगगाडीत बसून विलायतेला जायचा,” तो म्हणाला. “मग आपल्याकडंच सूत निघायला लागलं, तेव्हा तिकडच्या गिरणीत कुणीतरी बाई हेच विचारत असेल. आपण बारीक सुताकडं सरकलो तर टिकू. नाही सरकलो तर… मला खरंच माहीत नाही, मोहिनीताई.”

ते उत्तर पुरेसं नव्हतं. पण त्यानं खोटं सांगितलं नाही, एवढं तिला बरं वाटलं.

वर्ष सरत आलं तेव्हा पोरींची नवी तुकडी कामावर आली, आणि तिला शिकवायला सेनामीला उभं केलं. लेकीला तिनं आता शहरात आणलं होतं. ती गिरणीजवळच्या शाळेत जायची. मोहिनी खांबाआड उभी राहून पाहत होती. एक नवी पोर चातीला हात लावायला घाबरत होती. सेनामी तिच्या मागं गेली आणि तिच्या कानाशी मोठ्यानं फोन भाषेत काहीतरी बोलली. मधे एक शब्द मोहिनीला नीट ऐकू आला, “सोडनमाय.” जिथं या शब्दाचा अर्थ कुणालाच ठाऊक नाही तिथं तो आपल्यामागं राहणार, हे तिच्या ध्यानात आलं आणि ती खांबाला धरून उभी राहिली.

मोहिनी परत आली तेव्हा अल्लीपूरला उन्हाळा होता. रूपरावजींनी आल्याआल्या विचारलं, “दोसू कसा हाय?” घरच्या माणसाची चौकशी करावी तसं. पडवीत निळी पोती नव्हती. कापूस मोहिनीच्याच जुन्या साड्यांत बांधलेला होता, आणि त्यांतली एक ती अजून नेसणार होती.

दुसऱ्या दिवशी ती बसमध्ये चढली. तानाबाई खिडकीशी होती, तोंड बाहेर वळवून. गिरणी येईस्तोवर दोघी रस्त्याकडं पाहत बसल्या.

साच्यांच्या खात्यात जुने साचे निघून गेले होते. त्यांच्या जागी नवे, बारीक सुताचे उभे होते. त्यावरचं सूत इतकं बारीक की उजेडाकडं तोंड करून पाहिलं तरच दिसे. तानाबाई नवीन साच्यासमोर उभी राहिली. एवढी वर्षं जाड्या सुतावर तयार झालेली तिची बोटं त्या धाग्याला धरू शकत नव्हती. टोक सापडायचं नाही, सापडलं तर निसटायचं. दोन वेळा झालं. तिसऱ्या वेळी तिनं हात खाली सोडले.

“म्हातारी झाली मी,” ती म्हणाली. “मले आता हे नाई जमत. तुमी पोरी करा.”

मोहिनीला स्वतःलाही ते सूत नवंच होतं. ती तानाबाईच्या मागं जाऊन उभी राहिली आणि तिचे हात हातांत घेतले. तानाबाई चिडली. “मले शिकवशीन का आता तू? मले?”

“मलेबी नाई येत, तानाबाई. दोघी मिळून पाहू.”

चाती थांबली. टोक कुठं दिसेना. दोघींनी मान वाकवली. तानाबाईलाच ते आधी दिसलं, बाबिनीवर चिकटलेलं, कोळ्याच्या जाळ्याच्या तारेइतकं. तिनं ते नखानं उचललं. वर नेलं. लागलं नाही. परत नेलं.

लागलं.

सूत धावायला लागलं. ते धावतंय हे दिसतच नव्हतं, नुसती बाबीन भरत चाललेली दिसत होती. तानाबाई वाकून पाहत राहिली. “केवढं बारीक वो हे,” ती म्हणाली. “हे घालनार तरी कोन?”

“मालूम नाई,” मोहिनी म्हणाली.

पुढच्या चातीवर सूत तुटलं होतं. तानाबाई तिकडं निघाली.